वहिनीने सही केलेल्या चार ओळी

३ मार्च
उद्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हॉलरॉइडबाई येणार. गारिकाईला खरंच देखभाल लागते का, ते बघायला. आता सख्खा दीर पाहुण्यांपुढे मळक्या शर्टात बसवायचा? शर्टाला इस्त्री केली. दाढी करून दिली. आठवड्याने अंघोळ केली त्याने, तीही मी न्हाणीच्या दाराबाहेर अर्धा तास विनवण्या केल्यावर!

४ मार्च
बाई आल्या. मक्याच्या पिठाचा साड्झा आणि पालेभाजी वाढली. दारी आलेल्याला उपाशी धाडणारी आमची झिम्बाब्वेची माणसं नव्हेत. गारिकाईने स्वतः चहा केला. एरवी भिंतीतल्या माणसांशी दिवसभर भांडतो, आज त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही! मला अभिमान वाटला. मूर्ख बाई मी.

११ मार्च
पत्र आलं. "पोषण उत्तम. नीटनेटका. चहा स्वतः करतो." सबब, निवारा देण्याचं कर्तव्य कौन्सिलवर येत नाही.

फोन केला. "तुम्ही आहात ना त्याच्यासाठी!" इति हॉलरॉइडबाई.

म्हणजे असं — त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळलाय, म्हणून इतरांसारखं सरकारी घर नाही. देखभालीची गरज असेल तर कौन्सिलला ठेवून घ्यावं लागतं. पण देखभाल मी करते, म्हणून गरज नाही! गोळ्या बंद करून त्याला पावसात उभा केला असता, तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

घरमालकाचं तुणतुणं वेगळंच. "खोली एकट्या बाईला दिली होती. एकतीसला तो जाईल, नाहीतर दोघं जा."

१३ मार्च
कायदा केंद्रात ब्रिजेट म्हणून मुलगी आहे, फुकट सल्ला देते. "लेखी द्या, यापुढे मी त्याला सांभाळणार नाही."
म्हटलं, "बाई गं, आमच्यात दिराला दार लावलं तर मेलेला नवरा जाब विचारायला येतो."
"आले तर त्यांनाही कौन्सिलकडे पाठवा."
हसलो दोघी. मग ती हळू आवाजात म्हणाली, "एकतीसला तो फुटपाथवर असेल, मिसेस चिगोवा."

१५ मार्च
नाही लिहिलं.

१७ मार्च
लिहिलं. चार ओळींना दोन तास! आधी गारिकाईला समजावलं.
"हे खोटं आहे बरं का. त्यांना दाखवायला."
"कळलं, वहिनी. नाटक."
"नाटकच. तू मात्र सगळं खरं सांगायचं. भिंतीतल्यांचंसुद्धा."
त्याने भिंतीला कान लावला. मग म्हणाला, "ते म्हणतात, तू मला घालवणार."
"गाढव आहेत ते."
हसला. मला वाटलं, पटलं.

२४ मार्च
कौन्सिलच्या कचेरीत पुन्हा तपासणी. इस्त्री नाही, दाढी नाही. ब्रिजेट सोबत होती. गारिकाई खरं बोलला — पाऊण तास, खाली बघून. भिंतीतले त्याला काय काय करायला सांगतात, ते मीही आज पहिल्यांदा ऐकलं.

मग हॉलरॉइडबाईंनी माझं पत्र मोठ्याने वाचलं. नियम आहे म्हणे! "मी याला घरात ठेवू इच्छित नाही. हा माझी जबाबदारी नाही." वाचून झाल्यावर विचारलं, त्याच्यासमोर — "हे तुमचंच म्हणणं ना?"

त्याच्याकडे न बघता "हो" म्हटलं. बघितलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता.

परतताना बसमध्ये तो पुढच्या बाकावर जाऊन बसला. गर्दी नव्हती.

२८ मार्च
मंजूर!! स्वतःची खोली, गोळ्या द्यायला रोज माणूस. मी वृद्धाश्रमात ड्युटीवर असतानाच हॉलरॉइडबाई त्याला घेऊन गेल्या. घरी आले तर त्याची गादी गुंडाळून ठेवलेली, व्यवस्थित. जाड पांघरूण इथेच राहिलंय. सोमवारी पत्ता विचारून देऊन येईन. साड्झाही नेईन, तिथे कोण करून घालतंय!

३० मार्च
पत्ता मिळाला नाही. "कोणाला कळवू नये" या रकान्यात त्याने एकच नाव लिहिलंय.