रानडुकराला दाखवलेली वाट

तोयामा, पहिल्या थंडीत

आदरणीय कानेनोरीदादांना धाकट्या मेहुण्याचा, तोकुजीचा, वाकून नमस्कार.

या गारठ्यात तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. सायोने ते एकटीने संपवलं, त्यावरून तुमची बहीण ठणठणीत आहे हे ओळखावं. माझं म्हणाल तर पहारेकरी पुरवण्याचा धंदा जोरात आहे, आणि दुखणं तेच आहे. पहारेकरी मागणाऱ्यांची रांग लागलीय, पण पहारेकरी व्हायला कोणी येत नाही. (तरुण पोरं तोंडावर सांगतात, नुसतं उभंच राहायचं तर घरी काय वाईट आहे?) माझ्याकडे आहेत ते सगळे सत्तरीला टेकलेले. त्यातले हाचिसुका म्हणजे हिरा. जन्मभर बस चालवली, आणि आता डोंगराच्या पायथ्याच्या सुपरमार्केटच्या फाटकावर लाल दांडी घेऊन गाड्यांना जागा दाखवायचे.

गेल्या महिन्यात तिथे भरदुपारी रानडुक्कर आलं. दाराशी बायका, बाबागाड्या, आणि ते सरळ तिकडेच निघालेलं. लोक पांगले. हाचिसुका पळाले नाहीत (गुडघे, दादा, तुम्हाला वेगळं सांगायला नको). त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, दांडी उचलली आणि 'इकडून या' अशी खूण केली. डुक्कर थबकलं, वळलं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत शिरलं. शेजारी मात्र मोमोसेबाईंची नवी गाडी उभी होती. तिचं दार आत चेपून ते कुंपणातून डोंगरात गेलं. मोमोसेबाई म्हणजे आमच्याच विमा कंपनीच्या. आमच्या माणसांमुळे कोणाचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, तो आणखी मोठा करून माझ्या गळ्यात मारायला त्या तिथे आल्या होत्या.

त्या शांतपणे म्हणाल्या, "कुरामोचीसान, डुक्कर आपणहून तिथे गेलं असतं तर ती नैसर्गिक आपत्ती. तुमच्या माणसाने त्याला बोलावलं, म्हणजे जबाबदारी तुमची."

"आणि हाचिसुका पळून गेले असते तर?"

"मग कोणाचाच दोष नसता."

मागोमाग पोलिसांकडून ओनोदेरासाहेब आले. आमचा परवाना त्यांच्या हाती. तो माणसांना आणि वाहनांना वाट दाखवण्याचा आहे, त्यात जनावराचा उल्लेख नाही, असं ते म्हणाले. परवाना गेला असता तर माझे सगळे म्हातारे घरी बसले असते, आणि त्यांच्या बायकांनी मला जिवंत ठेवलं नसतं. मी घाम पुसत हाचिसुकांना बोलावलं.

"बिचारं गोंधळलं होतं, साहेब," टोपी हातात घेऊन ते म्हणाले. "वाट विचारल्यासारखं बघत होतं. मी दाखवली. प्रशिक्षणात एवढंच शिकवलंय."

साहेब म्हणाले, करून दाखवा. हाचिसुकांनी वाकून दांडी हलवली. साहेब चालत गेले आणि त्या कोपऱ्यातल्या जागेत जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे मोमोसेबाई. (मीही गेलो. का, ते विचारू नका.) मग साहेब म्हणाले, "खूण स्पष्ट आहे. परवाना राहू द्या." मोमोसेबाईंनी स्वतःच्या गाडीची भरपाई कंपनीकडून मंजूर करून घेतली, आणि आमचा पुढचा हप्ता वाढवला.

ही बातमी डोंगरभर झाली. नासपतीच्या बागायतदारांनी डुकरांना बागेबाहेरची वाट दाखवायला हाचिसुकांना दुप्पट पगार आणि झाडाखाली खुर्ची देऊन उचललं. मी म्हटलं, "इतक्या वर्षांची सोबत, वाईट वाटतं हो." ते म्हणाले, "इथे गाडीवाले ऐकत नाहीत. डुक्कर ऐकतं."

वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

आपला,
तोकुजी कुरामोची

ताजा कलम: फाटक रिकामं आहे. निवृत्तीनंतर तुम्ही दिवसभर खिडकीत उभे असता असं वहिनी सांगतात. तेच इथे गणवेशात करावं, ही विनंती. गणवेश कालच रवाना केला. (कमरेचं माप सायोने सांगितलं, मी चार बोटं वाढवलं.)

आणखी एक: मोमोसेबाई हप्ता कमी करायला तयार आहेत. अट एकच, काहीही झालं तरी जागचा न हलणारा, काहीएक न करणारा माणूस फाटकावर हवा. असा माणूस आणायचा कुठून, या विचारात आम्ही बसलो होतो. सायोने चहा ओतता ओतता तुमचं नाव घेतलं. बाईंनी अनुभव विचारला, तर म्हणाली, "सगळी हयात नगरपालिकेत."