आमचा पदवीधर काम थांबवेल

गुरुवार, १३ मार्च

प्रिय सुतळी,

शाळेत शिवणाच्या तासाला आपण दोघी खिडकीखालच्या बाकावर बसायचो, आठवतं? दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून तू सुई डोळ्यांजवळ धरायचीस आणि जीभ किंचित बाहेर काढायचीस. मी तुझ्या रिळावर डोळा ठेवून असायचे, कारण माझा दोरा नेहमी आधी संपायचा. सिस्टर हातरुमाल तपासायला घ्यायच्या तेव्हा फुलांकडे बघायच्याच नाहीत. रुमाल उलटा करायच्या. मागच्या गाठी, लोंबणारे दोरे, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर घाईने मारलेल्या उड्या, सगळं तिथे दिसायचं आणि गुण तिथलेच मिळायचे. समोरून तुझा रुमाल वर्गात सगळ्यांत देखणा असायचा.

तुझा गुडघा कसा आहे? परवा जिन्यात कठड्याला धरून थांबलेली दिसलीस. मी वरून पाहिलं, पण हाक मारली नाही. समोरासमोरच्या खोल्यांत बसणाऱ्या दोघींना पत्र लिहावं लागावं, याचं हसू येतं. पण तोंडाने बोलायला आले तर तू घड्याळाकडे बघशील आणि मी रडेन. त्यापेक्षा हे बरं.

माझं बरं चाललं आहे. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचं म्हणून खोली आवरते आहे. शिपाई काल कपाटातले खडकाचे नमुने बघून म्हणाला, एवढे दगड घरी नेणार का? मी म्हटलं, दगड नव्हेत रे, तेल राहतं ती घरं आहेत. तो म्हणाला, "मग घरं घरी नेणार?" खूप दिवसांनी मोठ्याने हसले. घरातही हल्ली जाग असते. दोन कप, दोन ताटं, दोरीवर कुणाचे तरी मोजे. ते कुणाचे, हे तुला माहीत आहे, आणि तू विचारलेलं नाहीस.

तू पाठवलेला कागद मिळाला. सल्लागार मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि वर टाचलेली चिठ्ठी: "सोमवारी मान्यतेची समिती येते आहे, सही कर, बाकी नंतर बोलू." विभागाच्या जुन्या उद्दिष्टांवर आपल्या दोघींची नावं आहेत, म्हणून ती बदलताना माझी सही हवी, हे मला कळतं. मी सही केलेली नाही. करणारही नाही. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

आपण ती उद्दिष्टं लिहिली त्या दिवशी कँटीनमधलं ते डगमगणारं टेबल होतं. त्याच्या पायाखाली कागदाची घडीही तूच घातली होतीस. आपल्या हातून शिकून गेलेली मुलं चार-पाच वर्षांनी कशी झालेली असावीत ते लिहा, असं वरून फर्मान आलं होतं. तीन वाक्यं आपण इकडून तिकडून जुळवली. तीच ती, सगळे लिहितात तशी. मग तू बराच वेळ चहाच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिलीस. कॉलेजात आपल्या वर्गात असलेला बासरीवाला तुझ्या मनात होता, हे मी ओळखलं. पहिल्याच नोकरीत, तेलविहिरीवरच्या अपघातात जीव गेला बिचाऱ्याचा. त्या रात्रपाळीत शंका सगळ्यांना आली होती, पण थांबा म्हणायला कुणी धजलं नाही. तू चौथं वाक्य सांगितलंस आणि मी ते लिहून घेतलं. "आमचा पदवीधर शंका आली तर काम थांबवेल, आणि थांबवल्याची जबाबदारी स्वतः घेईल." वाक्य तुझं आहे, सुतळी. मी फक्त लेखनिक.

गेल्या आठवड्याच्या बैठकीत तू विचारलंस, हे मोजायचं कसं? बढती मोजता येते, पगार मोजता येतो, किती जण पुढे शिकायला गेले तेही मोजता येतं. कुणी काम थांबवलं, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? प्रश्न खोटा नव्हता. नंतर व्हरांड्यात तू माझा दंड धरून म्हणालीस, "अगं, मान्यता गेली तर या पोरांना दारात कोण उभं करील? एका वाक्यासाठी सगळ्यांना बुडवू?" तेही मला पटण्यासारखं होतं. त्या वाक्याच्या जागी तू नवं आणलंस, गटात परिणामकारकपणे काम करील आणि लवकरच जबाबदारीच्या पदावर पोचेल, असं काहीतरी. गुळगुळीत आहे. चालून गेलं असतं. तेवढ्यावर सगळं थांबलं असतं तर मी डोळे मिटून सही केली असती. आयुष्यात पुष्कळ कागदांवर तशा केल्या आहेत.

पण मग मंडळावरचे तेल कंपनीचे साहेब बोलायला लागले.

ते काय म्हणाले ते तू इतिवृत्तात फार सभ्य करून लिहिलं आहेस. मी ऐकलं ते असं. तुमची मुलं हुशार असतात, पण एका मुलीने आमची विहीर आठवडाभर अडवून धरली. नळ्या उतरवून झाल्या होत्या, मागे सिमेंट भरून झालं होतं, दाबाच्या चाचणीत काटा जरा हलत होता एवढंच. वरिष्ठांनी सांगितलं की काटाच बिघडला आहे, पुढे चला. ही म्हणे, मी चालणार नाही. शेवटी तिला काढलं, काम पुढे नेलं, आणि बघा, काही झालं नाही. एवढं बोलून साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं.

काही झालं नाही, म्हणून ती चुकली. काही झालं असतं तर आज तिचा फोटो आपण दर्शनी दालनात लावला असता आणि समितीला सर्वांत आधी तोच दाखवला असता.

मी तुझ्याकडे बघत होते. आता ही काहीतरी बोलेल, असं मला वाटत होतं. तू पेनाचं टोपण लावलंस आणि म्हणालीस, "त्या विद्यार्थिनीच्या घडणीत आपण कमी पडलो, हे विभागप्रमुख म्हणून मी मान्य करते." आणि तिथल्या तिथे तिसऱ्या वर्षाला गटात कसं वागावं याची सक्तीची कार्यशाळा सुचवलीस. उणीव सापडली, उपाय केला, वर्तुळ पूर्ण झालं. समितीला अशी वर्तुळं फार आवडतात. साहेबांनी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली.

सुतळी, ती विद्यार्थिनी तुझ्या पोटची आहे.

साहेबांना ते माहीत नव्हतं, हे मी समजू शकते. ती वडिलांचं आडनाव लावते आणि तू माहेरचं ठेवलं आहेस. पण तुला माहीत होतं. भाऊजी गेल्यापासून तुम्ही दोघीच एकमेकींना. नोकरी गेली तेव्हा बॅग घेऊन ती आधी तुझ्याच दारात आली. तू म्हणालीस, माफी माग, परत घेतील. तेवढ्यावर ती माझ्याकडे आली. का, ते मी तिला विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. चप्पल काढून म्हणाली, "मावशी, जेवायला काय आहे?" ती तुझ्यासारखीच आहे. फार दुखलं की भूक लागते.

तुझं ते चौथं वाक्य आपण प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायचो. तिच्या वर्गात मी लिहिलं होतं. पहिल्या बाकावर बसून तिने ते वहीत उतरवून घेतलं तेव्हा मला गंमत वाटली होती, आईचं वाक्य लेक मावशीकडून घेते आहे म्हणून. इतक्या वर्षांत कुणी ते शब्दशः पाळलं असेल तर तिने. आपली चारही उद्दिष्टं आपण दर वर्षी तपासत आलो, आणि चौथं पूर्ण झाल्याचा एकच पुरावा आपल्या हाती लागला. तो तू उणीव म्हणून नोंदवलास.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी ती संत्रं सोलत बसली होती. आई होती का मीटिंगला, असं तिने विचारलं. मी म्हटलं, होती. माझ्याबद्दल काही म्हणाली का? मी खोटं बोलले. तुझा विषयच निघाला नाही, म्हटलं. मला वाटलं, हे त्यातल्या त्यात कमी लागेल. तिने एकेक फोड वेगळी केली, पांढऱ्या शिरा काढल्या आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

"निघायला हवा होता," ती म्हणाली.

तेव्हापासून मी विचार करते आहे की आईने आपल्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही हे जास्त वाईट, की जे काढलं ते. मला ठरवता येत नाही. मला मूल नाही, म्हणून कदाचित.

आता सोमवारचं. हे तुला अजून कळलेलं नसावं. समिती काही माजी विद्यार्थ्यांना भेटते, आणि कुणाला भेटायचं ते या वेळी त्यांनी स्वतः निवडलं आहे. काल तिला त्यांचा निरोप आला. ती जाते म्हणाली. समितीपुढे इतिवृत्त असेल, त्यातली ती उणीव असेल, आणि समोर बसलेली मुलगी कोण हे त्यांना ठाऊक नसेल. कुणीतरी सहज विचारील, हा किस्सा तुमच्या कानावर आला होता का? तिला तुझं वाक्य अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकावं लागेल.

तेव्हा आजपासून रविवारपर्यंत तुझ्या हातात वेळ आहे. ते तिला तू सांग. सगळं सांग, टोपण लावून म्हणालीस तेही. ती ओरडेल, कदाचित उठून जाईल. जाऊ दे. इतिवृत्तातला तो परिच्छेद काढायचा की ठेवायचा ते तुझं तू बघ. मी एकदा खोटं बोलले, ते तुम्हा दोघींच्या मायेपोटी. सोमवारी मला विचारलं तर पुन्हा बोलणार नाही. ही धमकी समजू नकोस. समजलीस तरी माझा इलाज नाही.

आता निरवानिरव. खडकाचे नमुने प्रयोगशाळेला द्यावेत, फक्त लालसर वाळूचा खडक शिपायाला द्यावा. त्याला त्याचं घर घरी न्यायचं आहे. पुस्तकं वाचनालयात. दार अडवायला ठेवलेलं ड्रिलिंगचं जुनं बिट माझ्यानंतर त्या खोलीत येईल त्याचं, दार अजूनही आपोआप मिटतं. कँटीनमध्ये लिहिलेला तो मूळ कागद तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला, फळ्याशेजारी लावावा, आणि कुणी उतरवला तर पुन्हा लावावा. तुझं इतिवृत्त सहीशिवाय तुला परत. त्याच पाकिटात तुझा हातरुमाल आहे, शाळा सुटताना आपण अदलाबदल केली होती तो. उलटी बाजू वर ठेवून घडी घातली आहे.

लेकीचं मी काही ठरवलेलं नाही. ती वाटून द्यायची वस्तू नव्हे. संध्याकाळी ती घरीच असते. बेल बिघडली आहे, कडी वाजव. विभागप्रमुख म्हणून येणार असशील तर मात्र येऊ नकोस.

अजून तरी तुझंच,
गाठोडं