दसऱ्यानंतर एकदा गाडी आणा

१२ ऑगस्ट, मंगळ.

तीन आठवड्यांनी गाडी बाहेर काढली. पुढून 'टक्'. ब्रेक दाबला की एकदा, सोडला की परत एकदा. उणकल तळ्यापर्यंत कशीबशी गेले आणि वळवून आणली. स्टिअरिंग डावीकडे ओढतं.

हे असताना हीच गाडी अशी जायची की मांडीवर पेपर, पेपरवर गिरमिटचा पुडा, एक हात स्टिअरिंगवर, आणि एक चुरमुरा खाली सांडायचा नाही. मी दारात पाय ठेवला की "चपला झटक." देशपांडे नगरात तीस वर्षं दवाखाना चालवला, पण पेशंटच्या नाडीला एवढ्या हळुवारपणे हात लावताना मी यांना पाहिलं नाही, जेवढ्या या गाडीच्या दाराला लावायचे. जर्मन गाडी, ती पण दुसऱ्याने वापरलेली. मला सवत म्हणूनच आणली होती.

संध्याकाळी निखिलचा पुण्याहून फोन. आई, विकून टाक, पांढरा हत्ती आहे तो. धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यातले एक साहेब परवा बघायला येतील. बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, एवढ्या पटकन बरं का म्हटलं मी.

१४ ऑग., गुरु.

बेलूरचे साहेब आले. सभ्य माणूस, बूट काढून घरात आला. गाडी एक फेरी मारून आणली. म्हणाले, "इंजिन, बॉडी एकदम छान ठेवलीय डॉक्टरांनी. पुढचं सस्पेन्शन गेलंय. दोन्ही खालचे आर्म, बूश, सगळं. तेवढं करून घ्या मॅडम, मी नेतो. पितृपक्षात मात्र नाही, दसऱ्याला नेईन."

नि.ला कळवलं. तो म्हणतो शोरूममध्ये दे. "त्या मल्लप्पाकडे नेऊ नकोस. त्यानेच डुप्लिकेट घातले होते ना."

आमच्या घरात हे आता ठरूनच गेलंय. मल्लप्पा मेस्त्री म्हणजे डुप्लिकेट. नाहीतर वीस वर्षं दर रविवारी सकाळी हे जुना शर्ट घालून रायापूरला त्याच्या गॅरेजात. मी डबा घेऊन गेले की गाडीखालून चार पाय बाहेर दिसायचे, दोन चपलांतले, दोन बुटांतले. आत दोघांचं कन्नडमधून काय ते चाललेलं. यांनी आपला जुना स्टेथोस्कोप त्याला दिला होता, इंजिन ऐकायला. "मेस्त्री, तुमचे पेशंट बरे, फी देऊन परत येतात," म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी त्याने हेच आर्म नवे घातले. खंडेनवमीला गाडी दारात हवी म्हणून यांनी त्याला दिवसातून चार फोन केले होते. दहा महिन्यांत आवाज परत सुरू. हे तणतणत गेले आणि गॅरेजात चारचौघांसमोर म्हणाले, डुप्लिकेट माल घातलास. मल्लप्पाने हात पुसले आणि "गाडी न्या डॉक्टर" एवढंच म्हणाला. त्यानंतर हे रायापूरचा रस्ता सोडून बायपासने धारवाडला जायला लागले. हट्टाने आवाजासकट गाडी चालवली, दुसरीकडेही दाखवली नाही. मग आजारपण. मग सगळंच संपलं.

१८ ऑग., सोम.

शोरूमला गेले. तिथल्या मुलीने आपल्या गाडीला 'युनिट' म्हटलं. "युनिट आत घेऊ का मॅम?" नको म्हटलं आणि निघाले. घराकडे वळायचं ते धारवाड रस्त्याला, रायापूरकडे लागले. ठरवलं वगैरे काही नव्हतं.

मल्लप्पा पाटावर बसून काहीतरी घासत होता. केस पांढरे झालेत. आता एकटाच काम करतो. मला बघून उठला.

"वैनी."

"मेस्त्री, पुढून आवाज येतोय."

गाडीकडे बघत राहिला. "डॉक्टरनी सांगितलं होतं, माझ्याकडं आणायची न्हाई म्हणून."

"त्यांनी सांगितलं होतं. मी आणलीय."

वाकून पुढचं चाक हलवून बघितलं. मग म्हणाला, "किल्ली ठेवा." स्टेथोस्कोप अजून खिळ्याला टांगलेला. रबर कडक झालंय, पण पुसलेला होता. बसने घरी आले. खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर काही दिसलं नाही.

२१ ऑग., गुरु.

मल्लप्पाने बोलावलं. काढलेले दोन्ही आर्म फडक्यावर मांडून ठेवले होते. रॉकेलने धुऊन. आधी नुसतं बोट ठेवलं. धातूवर कंपनीचा शिक्का, स्पष्ट.

"असली माल हाय वैनी. बेंगळूरहून मागवलेला. बघून घ्या."

चष्मा पुसून बघितलं. दोन्हींवर शिक्का. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर समोर असताना पायरी गाळून चालत नाही. विचारलं, "मग दहा महिन्यांत कसे गेले?"

रबराचं बूश दाखवलं. एकाच बाजूने चिरलेलं. म्हणाला, गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं लोंबकळतात. तेव्हा बोल्ट आवळला तर रबर त्याच जागी पकडलं जातं. मग गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ. प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. एका पावसाळ्यात फाटतंच. गाडी जमिनीवर, वजनासकट उभी असतानाच शेवटचं आवळायचं असतं.

"मग तुम्ही लोंबकळतानाच आवळलेत?"

"हौद्री. मीच."

"तुम्हाला माहीत असून?"

"अष्टमीची संध्याकाळ होती. डॉक्टरचा फोनावर फोन. इकडं हत्यारं धुऊन पूजेला लावायची. एकदा कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत पाना उचलायचा न्हाई, आमच्या वडिलांपासूनचं हाय ते. म्हटलं आता असंच आवळतो, गाडी घरी पूजेला जाऊ दे, दसऱ्यानंतर आणली की..." तिथे थांबला. "चहा सांगतो," म्हणून बाहेर गेला.

चहा प्यायले. दसऱ्यानंतर आणली की काय, ते त्याने पुढे सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही. का विचारलं नाही?

२२ ऑग., शुक्र.

सकाळी कणीक मळताना हात थांबला. हॉलमधला फोन, कडेला कोहळ्याची पिशवी, आणि मल्लप्पाचा आवाज. कणीक तशीच टाकून माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. त्या वर्षीची वही, अष्टमीचं पान. माझंच अक्षर:

'मल्लप्पाचा फोन. गाडी झाली. उद्या सकाळी घेऊन जा म्हणतो. बोल्ट अधांतरी आवळलेत, दसऱ्यानंतर एकदा गाडी आणा, जमिनीवर उभी करून परत आवळायचे. यांना सांगणे. कोहळा. झेंडू. वन्सं येणार, खोली झाडणे.'

कोहळ्यापुढे बरोबरची खूण. झेंडूपुढे खूण. खोलीपुढे खूण.

'यांना सांगणे' पुढे काही नाही.

याच हाताने मी पोरांच्या वह्या तपासल्या. एक पायरी गाळली म्हणून अर्धा गुण कापायची.

दहा महिन्यांनंतरचं पानही बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं. 'मल्लप्पाने फसवलं. वीस वर्षांचा माणूस, आणि असा. यांना इतकं लागलंय की जेवले नाहीत.' हे मी लिहिलंय. मीच लिहिलंय.

२७ ऑग., बुध. गणेश चतुर्थी

नि. आला आहे. आरतीनंतर वन्संच्या घरची आणि शेजारची मंडळी जेवायला. गाडीचा विषय निघाला आणि नि.ने मल्लप्पाची गोष्ट रंगवून सांगितली. बाबांचा जिगरी दोस्त, आणि त्यानेच टोपी घातली. सगळे हसले. वन्सं म्हणाल्या, "त्या माणसाकडेच परत दिलीस गाडी? धन्य आहेस."

मी तेव्हा कडबूवर तूप वाढत होते. पंगतीच्या टोकापर्यंत तूप वाढत गेले आणि काही बोलले नाही. तिथे बोलायला हवं होतं. भर पंगतीत आपली चूक सांगायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

३ सप्टें., बुध.

मल्लप्पाचा फोन. नवे आर्म शनिवारी बेंगळूरहून येतील, मंगळवारी बसवतो. "वैनी, कधी पाहिजे गाडी?" घाई नाही म्हटलं. तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या. "बरं," म्हणाला.

सांगायचंय. फोनवर नको.

मनात उगाच येतं, हे असते तर काय म्हणाले असते. चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी सकाळी जुना शर्ट घालून रायापूरला गेले असते. एवढं नक्की. माणूस तापट होता, पण चूक कळली की पाय आपोआप तिकडे वळायचे. ते कळू दिलं नाही ते मी.

९ सप्टें., मंगळ.

आज सांगितलं.

नवे आर्म बसले होते. गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर, चारी चाकं जमिनीवर. मल्लप्पा खाली खड्ड्यात. म्हणाला, "वैनी, तुम्ही ड्रायव्हरच्या जागी बसा. वजन पाहिजे." बसले. काच खाली. खाली फक्त पान्याचा आवाज आणि त्याचा श्वास. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच जमलं असावं.

म्हटलं, "मेस्त्री, त्या अष्टमीला तुम्ही मला फोनवर सांगितलं होतंत. दसऱ्यानंतर आणा म्हणून. मी यांना सांगायला विसरले. वहीत लिहिलं आणि विसरले."

पाना थांबला.

"ठाऊक हाय वैनी."

"केव्हापासून?"

"डॉक्टर भांडायला आले तेव्हाच. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या बोलण्यावरून कळलं. म्हटलं, वैनी विसरल्या."

"मग त्याच वेळी सांगायचं होतं. चार माणसं होती तिथे."

"चार माणसं होती म्हणूनच की." पाना परत सुरू झाला, हळूहळू. "चारचौघांत तुमचं नाव काय घेणार? त्यात डॉक्टर तापलेले. घरी जाऊन तुम्हाला बोलले असते. म्हटलं, राग उतरला की येतील आपण होऊन. यायचे की नेहमी. मग एकट्याला सांगेन, हसतील."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"लई वाट बघितली. आजारी हायत कळलं तेव्हा आलतो मी तुमच्या घरी. गेटपर्यंत. आत खूप चपला दिसल्या. मला बघून परत त्रास होईल त्यांना, म्हणून माघारी गेलो." मग आपणच म्हणाला, "एनिल्ल बिडरी, सोडा ते. उजवीकडचा राहिलाय अजून, उतरू नका."

उतरले नाही. उजवीकडचा आवळून होईपर्यंत बसून होते. रडले. त्याला खाली ऐकू गेलं असेल. तो नको तितका वेळ खालीच थांबला.

येताना गाडी शांत. नवनगरच्या स्पीडब्रेकरवर मुद्दाम जोरात घातली. काही नाही. तशीच चालली जशी हे असताना चालायची, आणि बाजूच्या सीटकडे बघवलं नाही.

१२ सप्टें., शुक्र.

बेलूरच्या साहेबांचा फोन. दसऱ्याला नक्की ना? नि. आला की सांगते म्हटलं. खरं तर गाडीचं मीच ठरवायचंय, नि.ने नाही. गाडी राहिली काय, गेली काय, सध्या माझं लक्ष त्यात नाही. मल्लप्पाचं नाव अजून लोकांच्या तोंडी तसंच आहे. आणि ते तसं राहिलं तर मीच ठेवलंय म्हणायचं. तो खड्ड्यात असताना त्याला सांगून माझं मन मोकळं झालं. त्याचं काय झालं?

१५ सप्टें., सोम.

उद्या दशमी. यांचा पहिलाच पक्ष. नि. सकाळच्या गाडीने आला. वन्सं, त्यांचे यजमान, शेजारचे जोशी, म्हणजे भांडणाच्या दिवशी गॅरेजात यांच्याबरोबर होते ते, सगळे उद्या जेवायला आहेत. जोशींना मी मुद्दाम बोलावलं.

मल्लप्पालाही बोलावलं. स्वतः रायापूरला गेले, गाडी घेऊनच. वन्सं म्हणाल्या, "पक्षाला मेस्त्रीला? भटजी काय म्हणतील?" काय म्हणायचं ते म्हणू देत. यांना घास जायचा तर त्या माणसाला वगळून कसा जाईल?

मल्लप्पा येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. "उद्या एक गाडी द्यायचीय वैनी, बघतो," एवढंच. त्याचे हात ग्रीसचे होते, त्याचा नमस्कार अर्धाच झाला.

नि.ला अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय आई गाडीचं काहीतरी ठरवून बसलीय. उद्या पानं वाढून झाली, सगळे बसले, की जुनी वही उघडून ते पान वाचून दाखवणार. मल्लप्पा आला तर त्याच्यासमोर. नाही आला तरी वाचणार. माझ्याच अक्षरात, माझ्याच तोंडाने, आणि जोशींकडे बघून.

वही आत्ताच काढून देवाजवळ ठेवलीय. यांच्या नावाच्या पानाशेजारी मल्लप्पासाठी एक पान जास्त मांडायला सांगितलंय.