चांगल्या रस्त्यांवर खर्च करणाऱ्या बाईचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, रस्ते खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेली विधवा, माझ्यामागे घरात भांडणे नकोत म्हणून मालमत्तेची ही व्यवस्था स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; तसा प्रयत्न करणाऱ्याचे काय होते हे घरच्यांना ठाऊक आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तपासताना त्यांनी आजचा वार विचारला. तो मी सांगितलाच, शिवाय त्यांच्या दवाखान्यासमोरचे गटार तुंबले आहे हेही सांगितले.

१. राहते घर मुलीला. मुलगा थोरला असूनही असे का, हे तो विचारील. छताच्या पन्हाळी साफ कर म्हटले की त्याचे उत्तर ठरलेले: "आई, गळेल तेव्हा बघू." त्याची माझ्यावर माया आहे, पन्हाळींवर नाही.

२. बँकेतली ठेव मुलाला. तिला पन्हाळी नसतात. गाडी मात्र सुनेला, कारण तिचे तेल वेळेवर सूनच बदलते.

३. माझी पोलादी टेप आणि डांबर ओतायची किटली माझ्या हाताखालच्या टोळीच्या मुकादमांना. आम्ही दोघांनी उभी नोकरी भेगा बुजवण्यात, रस्त्याकडेचे चर उपसण्यात आणि मोऱ्या मोकळ्या करण्यात घालवली. भेगेतून पाणी आत शिरले की खालचा थर भुसभुशीत होतो आणि वरचे डांबर नुसते झाकण उरते. भेग असते तोवर किटलीभर डांबरात भागते. नंतर रस्ताच उकरावा लागतो. मुकादम अजून थकलेले नाहीत, किटलीही गळत नाही.

४. आमच्या वरिष्ठ साहेबांनी धड रस्त्यांच्या भेगा वेळीच बुजवण्याचा माझा प्रस्ताव भर बैठकीत परत केला होता. म्हणाले, "बाई, नव्या रस्त्याची फीत कापता येते. बुजवलेल्या भेगेची कशी कापू?" सगळे हसले. मी तोच प्रस्ताव पाठवत राहिले, शेवटी कंटाळून त्यांनी सही केली. साहेब आता हयात नाहीत. राग कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून तो इथेच सोडते.

५. घराची पुढची, रस्त्यालगतची खोली सिस्टरना हयातभर राहायला. मुलीने भाडे मागू नये. याचे कारण सविस्तर लिहिते.

साहेबांनी सही केली तो निधी तुटपुंजा होता. त्यात एकतर वरच्या वस्तीचा पार उखडलेला रस्ता नव्याने झाला असता, नाहीतर खालचे सगळे धड रस्ते धड राहिले असते. मी धड रस्ते निवडले. वस्तीची माणसे कचेरीत येऊन बसली. त्यांच्यात तिथल्या नर्सबाई होत्या, ह्याच सिस्टर. त्यांनी विचारले, "जो आडवा पडलाय त्याला सोडून उभ्याला औषध देता?"

मी म्हटले, "उभे आहेत तेही पडले, तर तुमची पाळी कधीच येणार नाही."

झालेही तसेच. खालचे रस्ते टिकले, दरसालचा खर्च वाचला आणि त्यातून वस्तीचा रस्ता चरांसकट पक्का झाला. पण त्याआधी दोन पावसाळे गेले. दुसऱ्यात एका बाळंतिणीकडे पायी निघालेल्या सिस्टर रस्ता नसल्यामुळे पडल्या. तशाच खुरडत पोहोचल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, यांचा गुडघा कायमचा गेला.

तोच निधी पुन्हा हाती आला तर मी तेच करीन. हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे.

निवृत्तीनंतर त्या आमच्या गल्लीत राहायला आल्या. बरेच दिवस माझ्याकडे बघतही नव्हत्या. मग साखरेने माझ्या पायाची जखम चिघळली. कोणीतरी त्यांना सांगितले असावे. काठी टेकत आल्या, "पाय पुढे करा," एवढेच म्हणाल्या, आणि तेव्हापासून रोज पट्टी बदलतात. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यात मध्येच बसतात, ते मला खिडकीतून दिसते.

खोलीचे ऐकून भडकल्या. "मला भरपाई नको."

"भरपाई नाही. तुमच्याकडे जिना आहे आणि माझ्याकडे नाही, म्हणून."

मग त्यांनी मसुदा वाचायला मागितला. वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवले. "पाय घसरून पडल्या, असं लिहिलंय तुम्ही. माझा पाय नव्हता घसरला, बाई. रस्ता नव्हता."

"नव्हता," मी म्हटले.

"मग तसं लिहा. खोली घेते."

म्हणून या कलमात 'पाय घसरून' हे शब्द खोडून 'रस्ता नसल्यामुळे' असे लिहिले आहे. हा बदल मला मान्य आहे आणि त्याशेजारी मी वेगळी सही केली आहे.

हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांदेखत मोठ्याने वाचला आणि त्यांच्यासमोर सही केली.

(सही) लिहून ठेवणारी, जिला लोक रस्तेबाई म्हणतात

साक्षीदार:
(सही) डॉक्टर, वर उल्लेख केलेले
(सही) शिंपी, शेजारी

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: तेरा मे