हरेश्वर कोळी याची बंद केलेली तपासणी परत सुरू करणेबाबत

दिनांक : १४ जानेवारी २०२५

प्रति,
मा. विभागप्रमुख, हृदयरोग विभाग,
सागरज्योत रुग्णालय, मालाड (पश्चिम).

विषय : माझा मित्र हरेश्वर कोळी, गोराई, याला जुन्या फायलीवरच तपासायला बोलावणेबाबत.
संदर्भ : 'पाच वर्षे तक्रार नाही, तपासणी समाप्त' हे आपले पत्र (झेरॉक्स जोडली आहे).

महोदय,

हा अर्ज मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केला, दोनदा पुसला. कारण शेवटी सांगतो.

१. हरेश्वर मासेमारीच्या बोटीवर खलाशी. छातीत धडधड व्हायची म्हणून आपल्याकडे त्याचं ॲब्लेशन झालं. मांडीतून तार घालून हृदयातली बिघडलेली जागा जाळली. दोन वर्षं झकास गेली. उपकार आहेत तुमचे, खोटं नाही बोलत.

२. तिसऱ्या वर्षी धडधड परत आली. अशी येते कधीकधी, काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, असं मी मोबाईलवर वाचलंय. मी डॉक्टर नाही, मरोळला लेथ चालवतो. हरेश्वर दुखणं दाबून कामाला जात राहिला. गेल्या महिन्यात जाळं ओढताना आडवाच झाला. आता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, त्याला बोटीवर घेत नाही.

३. तुमच्याकडून दरवर्षी चौकशीचा फोन यायचा. हरेश्वर समुद्रात. फोन त्याची आई, मथुराकाकी, उचलायची. माणूस दर्यात असताना त्याच्या दुखण्याचं नाव घरात काढायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. काकीला सगळं माहीत होतं. तरी दरवेळी म्हणाली, "बेस हाय गो पोरी." सिस्टरने तेच लिहिलं. तिची तरी काय चूक?

४. पडल्यावर आम्ही तुमच्या खिडकीवर आलो. मॅडम म्हणाल्या, "रेकॉर्डला तुम्ही बरे आहात. नवीन पेशंट म्हणून नंबर लावा, एप्रिलचा मिळेल." हरेश्वर म्हणाला, "मग तसं तांडेलाला लिहून द्या ना, उद्याच जातो बोटीवर." त्या हसल्या. हा पण हसला. परत जाताना फेरीबोटीत मात्र छातीवर हात ठेवून दुसऱ्यांच्या बोटी बघत बसला.

साहेब, एप्रिलपर्यंत थांबवू नका त्याला. आणि बरे झालेल्यांत मोजू नका. तो बरा नाही.

आता कारण. जेट्टीवर उतरल्यावर तो म्हणाला, "प्रितम, अर्जात आयचं नाव नको रे. तिच्या बोलण्याने झालं असं कळलं तर खचेल ती." पण नाव न घालता हे तुम्हाला कसं समजवणार? म्हणून घातलं. उत्तर माझ्याच पत्त्यावर पाठवा. घरी फोन गेलाच, तर काकी सवयीने 'बेस हाय' म्हणेल. म्हणू द्या. फक्त लिहून घेऊ नका. तिला कधी कळू देणार नाही, असा हरेश्वरला मी शब्द दिलाय.

उत्तराची वाट बघणारा,
प्रितम केणी
गोराई