आईचे लोणावळ्याचे गुरुवार

१० ऑक्टो., शुक्र.

दुकानाचं शटर वर करते न करते तोच संतोषचा फोन. आई काल ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. काल! आणि मला आज कळवतोय. म्हणे, "ताई, तू ओरडशील म्हणून." मग आता काय ओवाळू का त्याला? सख्खा भाऊ आहे की कोण!

फार लागलं नाही. कोपर खरचटलंय. डॉ.नी साखर तपासली, पार खाली गेलेली. साखरेची गोळी घेतली आणि पोटात अन्नाचा कण नाही. गुरुवार ना काल. नुसत्या चहावर दिवस काढते आणि दिवेलागणीनंतर जेवते. पंचाहत्तरी उलटली तरी.

डॉ.नी साफ सांगितलंय, उपवास बंद. परत अशी पडली तर कोपरावर भागायचं नाही.

आई काय म्हणाली विचारलं. सं. म्हणाला, "बघू म्हणाली." झालं. आईचं बघू म्हणजे नाही.

१२ ऑक्टो., रवि.

माहेरी, परंदवडीला जाऊन आले. दिवाळी तोंडावर, कामशेतच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि दुकान ह्यांच्यावर सोडून गेले. आल्यावर बघते तर रांगोळीचे डबे पेन्सिलींच्या फळीवर. असो.

आई अंगणात बसली होती, कोपराला पट्टी. मी गेल्या गेल्या सुरू. कुणाला नवस बोललीयस का?

"न्हाई."

मग भटजींना विचारून उद्यापन करून टाकू, दत्त काही रागावत नाही, म्हटलं.

"दत्ताचं आन् माझं मी बघीन. तू हितं भांडाया आलीस का भेटाया?"

"दोन्हीला."

कल्पनाने हसू दाबायला तोंड फिरवलं. भावजय चांगली मिळालीय, उगाच कशाला खोटं बोलू. साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, सगळं आणून ठेवलंय. दर गुरुवारी सकाळी काही ना काही करून आईपुढं ठेवते. आई हात लावत नाही. भाऊ, म्हणजे आमचे वडील, होते तोवर निदान फराळ तरी करायची. ते जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून हे नुसत्या चहाचं खूळ.

निघताना पाया पडले तर म्हणते, "वाळलीस." मी! दोन ब्लाऊज उसवून घेतलेत यंदा.

१३ ऑक्टो., सोम.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यावर बसल्या बसल्या लोणावळ्याचे गुरुवार आठवत बसले.

भाऊंच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. सगळ्या जगाला रविवार आणि आम्हाला गुरुवार. म्हणून दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतला एक तरी गुरुवार लोणावळ्याचा, ठरलेलाच. भाऊंचा गादीखाली ठेवून इस्त्री झालेला शर्ट. आईची मोरपंखी साडी, तीच. तळेगावहून लोकल. खिडकीवरून माझं आणि सं.चं भांडण कामशेतपर्यंत चालायचं, तिथून पुढं खिडकी त्याची. तरीही तो आधीच मुसमुसायचा.

मग चालत वलवणला. आई गवतावर चपला काढून हातात घ्यायची. भाऊ दर वेळी धरणाकडे हात करून सांगायचे, "ह्ये पाणी खाली घाटात उतरतं आन् त्याची वीज व्हती." दर वेळी. आम्ही दर वेळी "व्हय?" म्हणायचो, कारण त्यानंतर हॉटेल असायचं.

हॉटेल स्टेशनजवळचं. काळी टेबलं, ओलं फडकं, बटाटाभज्यांचा वास रस्त्यापर्यंत. आम्हा तिघांत मिसळ आणि मधे भज्यांची एक ताटली, सगळ्यांचे हात त्यात. चिक्की कधी घेतली नाही. भाऊ म्हणायचे, ती पावण्यांसाठी असती.

आणि आईचा उपवास. आईला वेगळी प्लेट. दोन साबुदाणा वडे, दह्यातली चटणी, छोटा चमचा. आम्ही हात पुढे केला की लगेच, "खरकट्या हातानं शिवू नका रे, उपासाचं हाय!" आमची बोटं मिसळीने लाल, काय बोलणार? दुसऱ्या आया आपल्या ताटातलं काढून पोरांच्या तोंडात घालतात. आमची नाही. खिडकीकडे जरा वळून, अगदी सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खायची. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत.

मला कायम वाटायचं, बिचारी आई. बाहेर आलो तरी हिला मिसळ नाही, भजी नाही. हॉटेलात येऊनही उपाशी.

किती दिवस झाले तसं सगळ्यांनी मिळून जाऊन. भाऊ हवे होते. हे लिहिता लिहिता नेमका एकजण ग्राफचे कागद मागायला आला.

१६ ऑक्टो., गुरु.

कल्पनाचा फोन, दबक्या आवाजात. आईने आजही नुसता चहाच घेतला. पण चक्कर येऊ नये म्हणून काय केलं, तर गोळीच घेतली नाही! "गोळी न्हाई तर साकर खाली जायाची न्हाई," असं क.लाच समजावलं. डॉक्टरीणबाई!! संध्याकाळी तपासली तर साखर भलतीच वर. डॉ. म्हणाले, हेही तितकंच वाईट. डोळे जातील, किडन्या जातील.

डोकं फिरलं. पण एक लक्षात आलं. यंदा भाऊबीज गुरुवारी आहे. सगळ्यांना घेऊन लोणावळा, पूर्वीसारखं. सणाचा दिवस, पोरं-सुना समोर, मिसळ पुढ्यात आल्यावर कशी नाही म्हणते बघू. एकदा मोडला की मोडला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुझी आई आहे. तुझ्यावरच गेलीय." उलटं बोलतात नेहमी. मी तिच्यावर गेलेय.

२१ ऑक्टो., मंगळ.

लक्ष्मीपूजन. दुकानात पूजा केली. कंदील सगळे गेले. पाय भरून आलेत. आईचा आवाज फोनवर बरा वाटला. लोणावळ्याचं नाव काढलं तर, "जाऊ की. लय दिस झालं." खूश होती. मला मनातून जरा कसंसंच झालं, पण म्हटलं, तिच्याच भल्याचं आहे.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज.

सगळा विचका.

सकाळी परंदवडीत सं.ला ओवाळलं. मग त्याच्या गाडीतून पाचजण, आई पुढे. आईने मोरपंखी साडी नेसलेली. ती नव्हे, तशाच रंगाची नवी. वलवणच्या अलीकडेच गाड्या तुंबलेल्या. आख्खा देश लोणावळ्याला. आईला त्याचीही मजा. "एवढी माणसं कुटं ऱ्हातात रे रातीची?"

जुनं हॉटेल केव्हाच गेलं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. म्हणून हायवेकडचं एक मोठं बघितलं. नाव लिहून बाहेर ताटकळत बसलो. आत गेल्यावर पोऱ्या यायच्या आत मीच हाक मारून सांगितलं, "पाच मिसळ, एक कांदाभजी."

आई म्हणाली, "माझा गुरुवार हाय."

म्हटलं, आज भाऊबीज आहे, आज चालतं. मिसळ आली. मी तिच्यापुढे सरकवली, पाव मोडून तिच्या हातात दिला, आणि तोंडातून निघून गेलं, "भाऊंची शपथ आहे तुला."

आईने पाव ताटलीत ठेवला. माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तरी बरं झालं असतं.

"शोभा, मला इचारलंस का?"

"विचारून काय उपयोग? तू नाहीच म्हणणार!"

उठली, हात धुतले, आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. उन्हात. सं. मागे धावला. हे खाली मान घालून मिसळ खात राहिले. ह्यांचं पोट कशानं अडत नाही.

आई घरी येऊन चहा प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

२४ ऑक्टो., शुक्र.

माझं काय चुकलं? तिचे डोळे जाऊ देऊ? किडन्या जाऊ देऊ?

पण शपथ घालायला नको होती.

२६ ऑक्टो., रवि.

परत परंदवडी. यावेळी भांडायचं नाही असं बसमध्ये बसूनच ठरवलं. आई नवा तांदूळ निवडत होती. मी समोर बसून निवडायला लागले. मग मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "व्हय, चुकलंच." सोडायची नाही बाई.

मग आपणहून बोलायला लागली. जसं बोलली तसंच लिहून ठेवते.

"लगीन करून आले तवा घरात माणसंच माणसं. मी बसायची शेवटी. उरंल त्ये खायचं. मला काय आवडतं त्ये मलाच ठावं नव्हतं बघ. कुणी कदी इचारलंच न्हाई. आन् लोणावळ्याला ह्ये गल्ल्यापाशी उभं ऱ्हायचं आन् तितनं मोठ्यानं इचारायचं, 'तू काय खाशील गं? साबुदाणा वडा का बटाट्याचा कीस?' एवढ्या लोकांम्होरं! लय लाज वाटायची. आन् लय बरं बी वाटायचं. उपास नसता तर तुमच्यासंगं मिसळ आली असती. मग कशाला इचारलं असतं?"

म्हणजे मी इतकी वर्षं बिचारी बिचारी करत होते आणि बाई मजेत होती! आमच्यासाठी त्याग वगैरे काही नाही. तिची प्लेट तिची होती, बस्स. तिला ती कुणाला द्यायची नव्हती.

"मग भाऊ गेल्यावर फराळ का सोडलास?"

तांदळात बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "कल्पना गुणाची हाय. समदं करून म्होरं ठिवती. पर इचारणारा गेला नव्हं. त्या दिशी नुसता चा घेतला म्हंजी वाटतं, अजून इचारायचा हाय त्यो."

मला तिथेच रडू फुटलं. तीही रडली, पण निवडायचं थांबवलं नाही. भाऊ असे होते. घरात चार शब्द बोलायचे नाहीत, आईला नावाने हाक मारल्याची आठवण नाही. आणि हॉटेलात मोठ्यानं विचारायचे. मी तिथेच तर असायचे बाजूला, ऐकलंही असणार. माझं लक्ष भज्यांवर.

पण आई, साखरेचं काय गं? हे मात्र विचारायचा धीर झाला नाही.

३० ऑक्टो., गुरु.

आजही नुसता चहा. गोळी अर्धी घेतली म्हणे. अर्धी! दत्ताला अर्धं, डॉ.ना अर्धं. कल्पना दिवसभर दर तासाला तिच्या हाताला हात लावून बघत होती. सं. म्हणाला, "ताई, मला कामावर भीती वाटते फोन वाजला की." मलाही वाटते. आज दोनदा चुकीचे सुटे पैसे दिले.

२ नोव्हें., रवि.

ह्यांच्याशी बोलले. म्हटलं, आता सांगून, ओरडून, शपथा घालून झालं. हे म्हणाले, "मग विचारून बघ." सहज म्हणाले, पेपरातून डोकंही वर न काढता. कधी कधी बरं बोलतात.

आईला फोन केला. गुरुवारी लोणावळ्याला जायचं का, आपण दोघीच. दुकान हे बघतील. "कशाला?" असंच, म्हटलं. वलवणला बसू जरा. "बघू," म्हणाली. पण हे बघू वेगळं वाटलं. का मलाच तसं वाटावंसं वाटतंय?

५ नोव्हें., बुध.

संध्याकाळी आईचा आपणहून फोन. साडी कुठली नेसू? म्हटलं, तुला वाटेल ती. जरा घुटमळली, मग म्हणाली, मोरपंखी.

सकाळच्या गोळीचं काय, असं अगदी ओठांवर आलेलं गिळलं. तिनेच सांगितलं, "गोळी पिशवीत घेतीया. तितं बघू." मग मी धीर करून विचारलं. तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते. "आई, उद्या तू काय खाशील?"



"आत्ताच कसं सांगू? तितं बसल्यावर सांगीन."

"बरं."

"आन् तू? तू काय खाशील गं?"

मिसळ म्हणणार होते, ती सं.ला आवडते. भजी भाऊंची. डोसा लेकीचा, ती आली की मागवतो. कप्पाळ माझं, खरंच सुचेना. आई हसायला लागली. किती दिवसांनी हसली! "इचार कर उद्यापतुर," म्हणाली. "मी बी करती."

तेव्हापासून इथं गल्ल्यावर बसून तोच विचार चाललाय. ह्यांनी विचारलं, एवढी गप्प का? म्हटलं, मला खायला काय आवडतं ते आठवतेय.

हे म्हणाले, "तुला? पोहे ना."

पोहे ह्यांना आवडतात. उद्या आई काय मागवते आणि मी काय, दत्तालाच ठाऊक.