बेचाळीस मिनिटांचं भाषण

चिपळूण,
३ नोव्हेंबर २०२५

ती. प्रभाकरकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर कॅमेऱ्याचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कॅमेऱ्याच्या जाहिराती येतात, म्हणजे कुणीतरी ऐकतंय, असं म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. पोस्टमन फोडून वाचणार नाही, एवढा विश्वास ठेवा.

मला व्हिडिओसाठी पहिलावहिला डीएसएलआर घ्यायचाय. सोलकढी, सांदणं असे आपले पदार्थ दाखवायचा चॅनल काढतेय. जुना चालेल. पनवेलला तुम्ही तीस वर्षं लग्नं शूट केलीत, तुमच्याइतकं कुणाला कळणार? बाहेरचा माइक जोडता यायला हवा, हेडफोनही लावता यायला हवा, आणि सलग पाऊण तास चालायला हवा. वीस तारखेच्या आत मिळाला तर फार बरं. बाबा बरे आहेत. काकूला नमस्कार.

लोभ आहेच, शंका तेवढ्या कमी असाव्यात, ही विनंती.

तुमची,
अनुष्का

*

नवीन पनवेल,
७ नोव्हेंबर २०२५

चि. अनुष्कास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटाचा एक कोपरा उचकटलेला होता, असो.

सुकापूरला हितेश म्हणून एक जण लग्नवाल्यांचे जुने कॅमेरे विकतो. एक दाखवून म्हणाला, काका, फक्त चार हजार फोटो काढलेत, एकदम जपून वापरलाय. व्हिडिओ कितीही काढला तरी फोटोंचा आकडा तेवढाच राहतो, हे मला ठाऊक नसेल असं त्याला वाटलं. रेकॉर्डिंगच्या बटणावरचा लाल ठिपका पार पुसून गेलेला! मी लेन्सला झाकण लावून मिनिटभर रेकॉर्ड केलं, तर काळ्या पडद्यावर रांगोळी सांडल्यासारखे पांढरे ठिपके. ठेवून आलो. दुसरा आहे बँकेतल्या एका माणसाचा, हौसेने घेऊन कपाटात पडलेला. आवाज नीट येतोय का ते रेकॉर्डिंग चालू असतानाच ऐकायला हेडफोनचं भोक लागतं; स्वस्तातल्या कॅमेऱ्यांना ते नसतं, याला आहे. अर्ध्या तासाला मात्र आपोआप थांबतो, बहुतेक सगळेच थांबतात. पुन्हा बटण दाबायचं.

पण मला सांग, सोलकढीला पाऊण तास कशाला? आणि हेडफोन कशाला, कोकम काय गाणं म्हणतं? कुठेतरी पाणी मुरतंय. मला तर वाटतं हेडफोनचा प्रश्न तुझा नव्हे, तुझ्या बाबांचा, म्हणजे आमच्या दादाचा आहे. नऊ वर्षांपूर्वी तो मास्तरकीतून निवृत्त झाला, तेव्हाच्या शाळेच्या निरोपसमारंभातलं त्याचं बेचाळीस मिनिटांचं भाषण मी शूट केलं आणि आवाजच आला नाही. मी मुद्दाम केलं, असं तो पंचवीस माणसांत म्हणाला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. हा टोमणा त्याने तुझ्या हातून मारला असेल, तर तसं स्पष्ट लिही. आणि बाबा बरे आहेत एवढ्या तीन शब्दांत बापाला उरकलंस, तेही मला खटकलं.

उलट टपाली खरं लिहावं, मग लोभाचं बघू.

प्रभाकरकाका

*

चिपळूण,
११ नोव्हेंबर २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या नाकाला दंडवत. चॅनल वगैरे काही नाही. बाबांच्या घशात गाठ निघालीय. अठ्ठावीस तारखेला मुंबईला ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढावं लागणार. पुढे यंत्र लावून थोडंफार बोलता येईल, पण हा आवाज राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कुणाला सांगायचं नाही अशी बाबांनी शपथ घातलीय, आणि तुम्हाला तर मुळीच नाही. ती मी मोडतेय.

मला त्यांचा आवाज ठेवायचाय, काका. मोबाइलवर करून पाहिलं, मधेच गॅसवाल्याचा फोन आला आणि सगळं तुटलं. मोबाइल समोर धरला की ते अवघडतात. नीट कॅमेरा असेल तर तेच भाषण पुन्हा करतो म्हणाले. कागद त्यांनी अजून जपून ठेवलाय. हेडफोनचं मी कुठेतरी वाचलं होतं, त्यांचा त्यात हात नाही.

आणि खरं सांगू? कॅमेरा कुठलाही चालला असता. मला तुम्ही हवे होतात.

राग असला तरी लोभही असावा.

अनुष्का

*

नवीन पनवेल,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. अनुष्कास,
अनेक आशीर्वाद.

पत्र काकूच्या हातात दिलं आणि गच्चीवर जाऊन बसलो. रडलो, पण हे दादाला सांगू नकोस.

बँकवाल्याचा कॅमेरा घेतला. झाकण लावून पाहिला, बॅटऱ्या दोन घेतल्या, माइक जोडून आमच्या फ्रिजची घरघरसुद्धा रेकॉर्ड करून ऐकली. बुधवारी, एकोणीस तारखेला, सकाळच्या गाडीने निघतो.

एक गोष्ट लिहून टाकतो. माइक खराब होता, असं मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे त्या दिवशी मी कानाला हेडफोनच लावला नव्हता. लावला असता तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. परक्यांच्या लग्नात कधी केली नाही ती हयगय मी घरचंच कार्य म्हणून केली. चांगला चालणारा माइक ऐन वेळी का गप्प बसला, ते मात्र आजवर कळलेलं नाही. या वेळी हेडफोन कानावरून उतरणार नाही.

दादा दारातून परत पाठवेल की काय, ही शंका आहेच. तू दार उघडं ठेव.

प्रभाकरकाका

*

चिपळूण,
२० डिसेंबर २०२५

चि. प्रभाकरास,
अनेक आशीर्वाद.

टाके सुकले. श्वास आता गळ्याच्या भोकातून घेतो आणि चहा पाटीवर लिहून मागतो. जन्मभर पोरांच्या हाती पाटी दिली, ती फिरून माझ्याकडे आली. भाषण दोनदा पाहिलं. आवाज स्वच्छ आलाय. दुसऱ्यांदा पाहताना मला फार वाईट वाटलं, आणि ते केवळ आवाजापायी नव्हे.

त्या समारंभात तू माझ्या कोटाला माइक लावलास, त्याच्या डबीला एक बटण होतं. भाषणाआधी मी मुतारीत गेलो. तिथलं काही तुझ्या यंत्रात जाऊ नये म्हणून मी ते बटण बंद केलं, आणि परत चालू करायला विसरलो. तुला पंचवीस माणसांत नाही नाही ते बोलून घरी आलो, तर तोच कोट खुंटीवर दिसला आणि आठवलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता नऊ वर्षं गेली.

या वेळी भाषणाच्या शेवटी कॅमेऱ्यासमोरच सांगणार होतो. पण तू हेडफोन लावून माझ्याकडे टक लावून बसला होतास. माझा एकही शब्द तुझ्या कानांतून सुटणार नव्हता, त्यालाच भ्यालो. आवाज होता तोवर सांगितलं नाही, आता लिहितो. चूक तुझी नव्हती, बाळा.

लोभ मागायला मला तोंड नाही, तरी असावा.

तुझा,
दादा

ता. क. फोनवर कुणीतरी ऐकतं, असं तू म्हणतोस. रविवारी मला फोन कर. ऐकणारा मीच असेन. नऊ वर्षांचं जे साचलंय ते सगळं बोल, मी मधे बोलणार नाही.